कराड स्टँडवर ठरलेला नियम

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि माझा मित्र साताऱ्याला बी.एस्सी. करत होता. अकरावी-बारावीला आम्ही साताऱ्यात एका खोलीत राहिलो होतो. एकाच स्टोव्हवर भात लावायचा, तो जळला की एकमेकांना शिव्या द्यायच्या, आणि तोच खायचा. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. फोन दोघांकडेही नव्हता, म्हणून अधूनमधून रविवारी कराडच्या एसटी स्टँडवर भेटायचं, असं ठरलं. कराड दोघांनाही बऱ्यापैकी मध्ये पडायचं.

होस्टेलवर माझं कोणाशी वाकडं नव्हतं, पण सख्यही नव्हतं. शनिवारी दुपारी आष्टा, तासगाव, इस्लामपूरची मुलं घरी पळायची. मला माण तालुक्यातल्या आमच्या गावाला जाऊन यायचं तर रविवार एसटीतच संपायचा. मग मी कपडे धुवायचो, टेबल आवरायचो, आठवड्याच्या कामांची यादी करायचो आणि तरीही दिवस शिल्लक राहायचा. कराडचा रविवार असला की मात्र आदल्या संध्याकाळपासूनच बरं वाटायचं.

स्टँडच्या कँटीनमध्ये बसून आम्ही एका प्रोजेक्टची आखणी करत होतो. कल्पना साधी होती. मित्राच्या गावातल्या दूध डेअरीचा एकुलता एक संगणक बिघडला आणि सगळ्या नोंदी गेल्या. त्याच नोंदी एकमेकांना जोडलेल्या दोन-तीन संगणकांवर असत्या, तर एक पडला तरी दुसऱ्यानं काम पुढं नेलं असतं. संगणकांच्या अशा गटाला क्लस्टर म्हणतात. कोणता चालू आहे, कोणता पडला, ताजी नोंद कोणाकडे आहे, हे पाहणारा प्रोग्राम आम्हाला लिहायचा होता. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा होता. ‘ओपन सोर्स’ हा शब्द तेव्हा आमच्यासाठी नवा होता आणि आम्ही तो गरजेपेक्षा जास्त वेळा उच्चारायचो.

माझ्या वर्गातली बरीच मुलं पुण्याहून तयार प्रोजेक्ट आणायच्या विचारात होती. त्यांना मी हे सांगत नव्हतो. मला पार्टनर नको होता, हा पार्टनर हवा होता. प्रोजेक्ट बुडाला तर कराडला जायचं कारणच संपेल, ही माझी खरी भीती होती.

एका मुद्द्यावर आमचं अडलं. दुसऱ्या संगणकाकडून उत्तर आलं नाही तर काय समजायचं? मी म्हणायचो, ठरावीक वेळ वाट बघायची आणि मग तो पडला असं धरून सगळं काम हातात घ्यायचं.

“आणि तो पडलाच नसंल तर?” मित्र म्हणाला. “मधली वायर तुटली आसंल. मग तिकडं त्योबी तुला मेला समजून कामाला लागंल. एका टोळीला दोन मुकादम. ऊस कोण तोडणार मग?”

“मग तुझं काय म्हणणं?”

“गप बसायचं. जुन्या नोंदी दाखवायच्या, नवी लिहून घ्यायची न्हाई. वायर जुळंस्तोवर थांबायचं.”

“थांबून कामं होत नसतात.”

“तू पोटातनंच घड्याळ बांधून आलायस गड्या.”

वाद तसाच राहिला. आमच्या स्वतःच्या कामाचा नियम मात्र मीच घालून दिला आणि त्यानं तो हसत मान्य केला. ठरलेल्या रविवारी एकजण आला नाही तर दुसऱ्यानं आणखी एक गाडी बघायची, मग परत जायचं आणि त्याच्या वाट्याचं कामही स्वतः करून टाकायचं. कारण परदेशातल्या एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ई-मेलवरून चर्चा करणाऱ्या गटात, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत आराखडा पाठवायचं कबूल केलं होतं. तिथली काही जाणकार माणसं तो तपासून द्यायला तयार होती.

दिवाळीच्या तोंडावरच्या रविवारी तो आला नाही. मी एक गाडी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. चहा घेतला. साताऱ्याच्या फलाटाला लागलेल्या प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं शेवटच्या माणसापर्यंत बघितली. मग नियमाप्रमाणे सांगलीच्या गाडीत बसलो. पलूसच्या पुढं आल्यावर मला वाटलं, त्यानं सोडलं. रागही नीट आला नाही. होस्टेलवर पोचलो, त्याच्या वाट्याचा भाग लिहायला घेतला आणि सुट्टीत घरी जाण्याआधी सायबर कॅफेतून आराखडा पाठवून दिला.

सुट्टीनंतर मेल उघडली तर लिस्टवरच्या एका गृहस्थानं सभ्य शब्दांत विचारलं होतं, एकाच नावाचे दोन आराखडे आले आहेत, यातला खरा कोणता? दुसरा साताऱ्याहून गेला होता. त्यात माझ्या वाट्याचा भागही त्यानं लिहिला होता, त्याच्या पद्धतीनं.

मी पत्र टाकलं. पुढच्या रविवारी तो आला. दिवाळीआधीच्या त्या रविवारी ऊसदरासाठी वाटेत उंब्रजला रस्ता रोको होता, असं त्याच्याकडून कळलं. गाडी अडकली होती. मी गेल्यावर तो पोचला होता, त्यानंही एक गाडी जास्त बघितली होती आणि तो परत गेला होता.

येतानाच मी ठरवलं होतं. त्याचं म्हणणं बरोबर ठरलं होतं, तेही आमच्यावरच. मी म्हणालो, “तुझा आराखडा ठेवू. मी माझा मागं घेतो.”

“माझा मी काढला,” तो म्हणाला. “कालच मेल टाकली. तुझाच खरा म्हणून सांगितलं.”

“कशाला? मी येतच होतो ना बोलायला.”

“दोनातला एक टाकावा लागतुया. कुणीतरी टाकायचाच की.”

“मग पुढचं काम? परत वाटून घेऊ.”

तो बशीत चहा ओतत राहिला. मग म्हणाला, “मी आलो न्हाई म्हणल्यावर तुला वाटलं, मी सोडलं. व्हय का न्हाई?”

“तुलाही तेच वाटलं की.”

“व्हय. मलाबी वाटलं. त्येच तर वंगाळ झालं.”

रस्ता रोकोला दोष देता आला असता, नियमालाही. पण एका स्टोव्हवरचा भात खाल्लेल्या दोन माणसांना, दुसऱ्यानं सोडलं, हे एका रविवारात इतकं सहज पटावं, हे त्यानं बरोबर धरलं होतं.

“माझी पद्धत घे तू,” उठताना तो म्हणाला. “फुकटच हाय. ओपन सोर्स हाय न्हवं?” आणि हसला. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं.

मी त्याची थांबायची पद्धत घेतली, आराखड्यात तसं त्याच्या नावानिशी लिहिलं. पत्रं दोन-तीन झाली, मग शुभेच्छापत्रं, मग तीही नाहीत. दुसरा पार्टनर मी शोधला नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या लॅबमध्ये दोन जुने संगणक मिळाले. एक खिडकीजवळ होता, दुसरा दाराजवळ. चाचणी करायला खरं तर दोन माणसं लागतात, एकानं वायर काढायची आणि दुसऱ्यानं पलीकडच्या पडद्यावर काय होतं ते बघायचं. मी खिडकीजवळची वायर काढायचो आणि बाकांमधून दाराकडं पळायचो. पोचेपर्यंत पडद्यावरची ओळ बदलून ‘नवी नोंद बंद’ झालेली असायची. ती नेमकी कधी बदलली हे बघायचं राहून जायचं, म्हणून पुन्हा.

एका संध्याकाळी लॅबचे शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभे होते. म्हणाले, “आवं, एकटंच काय पळापळी खेळताय?”

“झालंच,” मी म्हणालो आणि वायर परत जोडायला खिडकीकडं गेलो.