एदे म्हणजे छाती

आज दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मी साठ वर्षांपूर्वीच्या बंगळुरातल्या वॉर्डात पोचले. पुण्याहून नर्सिंग शिकायला गेलेली मी. हाडांची इंग्रजी नावं तोंडपाठ, कन्नड मात्र येत नव्हतं. एक म्हाताऱ्या बाई कळवळून "एदे, एदे" म्हणत होत्या आणि मी त्यांचं पोट दाबून बघत होते.

"अक्का, नीट सांगा ना," मी वैतागून मराठीतच म्हणाले.

त्या माझ्याहून वैतागल्या. माझा हात ओढून त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काळीज वेडंवाकडं धडधडत होतं. मी डॉक्टरांकडे धावले. बाई वाचल्या.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता माझाच येतो. अडाणी मी होते आणि नीट बोलायला त्यांना सांगत होते.