भाऊजींची श्वास घेणारी बॅटरी

अख्ख्या अमरावतीत आमच्या भाऊजींइतका भित्रा माणूस सापडणार नाही. कुकरची शिट्टी वाजली की ते अंगणात जाऊन उभे राहत. रस्ता ओलांडताना गायीलासुद्धा "माय, जा तू पहिले" म्हणून वाट देत. अशा माणसानं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता संशोधनाला घेतली लिथियम-ऑक्सिजन बॅटरी! यातलं लिथियम पाणी लागलं तर भडकतं. म्हणून काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोजे घालून, देवाचं नाव घेत भाऊजी काम करत.

"मंग घेतली कावून?" ताई चिडून विचारी.

खरं तर कारण तिलाही ठाऊक होतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत भातकुलीकडे पंपाला वीज मिळे ती रात्रीच. अंधारात पिकाला ओलीत करायला गेलेल्या भाऊजींच्या थोरल्या भावाला साप चावला. जीव वाचला, पण भाऊजींच्या मनातून तो अंधार गेला नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन चालणारी, खांद्यावरून नेण्याइतकी हलकी बॅटरी करायची, दिवसाचं ऊन तिच्यात साठवायचं आणि पंप हवा तेव्हा चालवायचा, हा त्यांचा ध्यास.

आणि एकदा ती चालली. पुन्हापुन्हा चार्ज होऊ लागली. कॉलेजात पेढे वाटले, अकोल्याच्या परिषदेचं बोलावणं आलं. भाऊजींचं जेवण मात्र सुटलं.

"लय चांगली चालून राहिली," ते मला म्हणाले, "याचंच भेव लागते मले."

त्यांनी चार्ज होताना निघणारा वायू तपासला. ऑक्सिजन परत यायला हवा होता. येत होता कार्बन डायऑक्साइड. आतला द्रव, ज्यातून लिथियम ये-जा करतं, तोच जळत होता.

"सोताचंच रक्त पिऊन जगून राहिली हे," ते पुटपुटले.

"सर, हे परिषदेत बोलू नका," प्राचार्यांनी बजावलं. "पुढचा निधी जाईल."

अकोल्याच्या सभागृहात मी मागे बसले होते. भाऊजी बोलायला उभे राहिले. ते गप्प राहतील याची मला भीती वाटत होती, आणि बोलतील याची त्याहून जास्त.

"माझी बॅटरी चालत नाही," ते म्हणाले. "चालल्याचं सोंग करते."

टाळी एकही पडली नाही. निधी गेलाच. परतताना मूर्तिजापूरला एसटी थांबली, तेव्हा त्यांनी भजी मागवली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्ली.

हल्ली ते दुसरा द्रव घेऊन बसतात. तोही जळतो, मग तिसरा. कधी कॉलेजवरून जाताना खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ दिसते. हाक मारावीशी वाटते. पण दचकतील बिचारे, म्हणून थोडा वेळ नुसती उभी राहते आणि पुढे जाते.