माध्यमाचा रकाना

दूधगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा नदीकाठच्या दोन गावांतली माणसं निपाणीतल्या एका मंगल कार्यालयात आणून ठेवली. सरकारी भाषेत ते ‘काळजी केंद्र’. तिथल्या मुलांची शाळा चालवायचं काम माझ्याकडे आलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि अशी कामं मला जमतात. पहिल्या सकाळीच वही आखली: नाव, गाव, इयत्ता, माध्यम. दुपारपर्यंत सगळी मुलं वहीत आली. मराठीची मुलं नवरीच्या खोलीत, कन्नडची जेवणाच्या हॉलमध्ये. कन्नडला एक निवृत्त सर आले, मराठी मी घेतलं.

वही भरताना मी मराठीत विचारत होते. जो मराठीत बोलला त्याच्यापुढे ‘म’ लिहीत गेले. आमच्या भागात हे असंच चालतं. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच आपण त्याला कुठल्यातरी बाजूला बसवतो.

त्यात नववीतली एक मुलगी होती. आई बिड्या वळणारी, वडील दुसऱ्याच्या शेतावर. मुलगी छान बोलायची, पण धडा वाचायला दिला की अक्षरावर बोट ठेवून अडखळत जायची. मी वहीत ‘पुराचा धक्का’ असं लिहिलं आणि तिला पाचवीच्या मुलांत बसवलं. ती जाऊन बसली.

सहाव्या दिवशी सर आमच्या खोलीत खडू मागायला आले. ती मुलगी जेवणाच्या हॉलमधून आलेल्या एका लहान मुलीला पाटीवर कन्नडमधून गणित घालून देत होती. अक्षर मोत्यासारखं. सरांनी तिला कन्नडमध्ये शाळा आणि इयत्ता विचारली, मग माझ्याकडे वळले.

“मेडम, ही आमची हुडगी की हो! नववीची पोर पाचवीत बसवलाय? तोंड बघून माध्यम ठरवताय काय तुम्ही?”

मी मुलीकडे वळले. तिला म्हटलं, “का गं, सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलासा कुठं, बाई?” मग हळूच म्हणाली, “आणि मला हितंच बसायचं हाय.”

त्यांचं घर पुरात पडलं होतं. आई म्हणत होती, आता मामाच्या गावाला जायचं, कागलकडं. ते सीमेपलीकडे, महाराष्ट्रात; तिथे शाळा फक्त मराठी. मुलीनं ते ऐकलं होतं आणि माझ्या चुकीचा फायदा घेऊन ती मराठी वाचायची सवय करत होती. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी अक्षरं ओळखीची होती, एवढंच. वडिलांचं मात्र ठरलं होतं, “गाव सोडायचं न्हाय. पोरगी दहावी हितनंच करंल.” नवराबायकोचं त्यावरनं रोज वाजत होतं, तेही बाकीच्यांसमोर, कारण कुणालाच दार लावायला स्वतंत्र खोली नव्हती.

मी तिला सरांकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या खोलीत. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी मी सोडून दिलं. बरोबर केलं की नाही, कळलं नाही.

पाणी ओसरलं, केंद्र बंद झालं. प्रत्येक मुलाला पुढच्या शाळेसाठी एक चिठ्ठी द्यायची होती. बाकीच्या मी एका बैठकीत लिहिल्या. हिच्या चिठ्ठीत माध्यमाची जागा मी कोरी सोडली. चिठ्ठी शाळेत जाईपर्यंत घरचं भांडण मिटेल आणि कुणीतरी मला येऊन सांगेल, असं वाटलं असावं. एरवी मी असं काही कोरं सोडत नाही.

दोन आठवड्यांनी मायलेकी माझ्या शाळेत आल्या. घरी शेवटी आईचंच चाललं होतं. वडील एकटेच गावात राहिले होते. मामाच्या गावच्या शाळेनं चिठ्ठी परत पाठवली होती. माध्यम लिहून आणा, कन्नड असेल तर आठवीत बसवू.

“बाई, मराठी लिवा,” मुलगी म्हणाली.

“लिवा की हो,” आई म्हणाली. “तुमच्या वहीत आधी तेच हुतं न्हवं?”

होतं खरं. माझीच चूक आता माझ्यापुढे पुरावा म्हणून उभी होती. मी शेजारच्या हायस्कूलमधून नववीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक मागवलं आणि तिला एक उतारा वाचायला लावला. फार वेळ लागला. अर्थ विचारला, तर तिनं अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडमध्ये अगदी बरोबर सांगितला. मी लिहिलं: माध्यम कन्नड; मराठी वाचते; नववीतच बसवावे ही विनंती.

बसवलं. पहिल्या चाचणीत ती गणितात पास झाली, बाकी सगळ्यात नापास. आई आठवड्याच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “रडती बघा. पर खालच्या वर्गात जा म्हटलं की जेवत न्हाय.”

आठवीत रडली नसती का? की एक वर्ष गेलं म्हणून रडली असती? मला ठरवता येत नाही. सरांना घरी बोलावलं आणि आम्ही विज्ञानातल्या शब्दांची यादी करायला बसलो, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. पहिल्या धड्यातच अडलो. एका शब्दावर सरांनी चष्मा काढला.

“मेडम, हे मला कन्नडमध्येच कळत नाही. पोरीला काय सांगणार?”

तो शब्द तसाच ठेवून पुढे गेलो. दोन धडे झाले आहेत. झाली तेवढी यादी पुढच्या बाजारी तिच्या आईकडे देईन.