माझा साडू आणि मेलेल्यांची श्रीमंती

हेवा करावा असं ज्याच्याकडे काही म्हणजे काहीच नाही, अशा माणसाचा हेवा करण्यात मी उभा जन्म घालवला. तो माणूस म्हणजे माझा साडू. मी सरकारी कारखान्यातला इंजिनिअर, राजाजीनगरात स्वतःचं तीन मजली घर. हा मल्लेश्वरमला भाड्याच्या दोन खोल्यांत. उद्योग काय, तर हजारो वर्षांपूर्वीच्या गावांत श्रीमंत कोण नि गरीब कोण ते शोधणं! घरांचे पाये उकरायचे, खोल्या मोजायच्या, धान्याचे रांजण कुणाकडे मोठे ते बघायचं. बरं, मेलेल्यांवर थांबेल तर शपथ. सत्यनारायणाला बोलवा, तीर्थ घेण्याआधी खिशातून टेप निघालीच. आमच्या वास्तुशांतीला ऐन होमात मला म्हणाला, "अण्णा, पाट स्वल्प सरकव, कोपरा अडलाय." आणि मी सरकलो हो! गुरुजींनी तर मंत्र थांबवून टेपचं दुसरं टोक धरलं.

मी कान टवकारले. अख्ख्या गोतावळ्यात एवढं घर कुणाचं नव्हतं, निदान आज तरी हा कबूल करेल! पण पंगतीत हा पठ्ठ्या म्हणतो, "घर मोठं, माणसं तीन. पुढेमागे कुणी उकरलं तर गोदाम समजेल." पंगत खो खो हसली. माझी मुलगी तर ठसका लागेपर्यंत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिथून पोरगी त्याचीच झाली. इंदिरानगरातली चांगली नोकरी सोडून ती त्याच्याबरोबर रायचूरकडे उत्खननाला गेली. रोज संध्याकाळी फोन करायची आणि तासभर काकांचं कौतुक. मी दातओठ खात ऐकायचो. मुलगी हातची गेली, याने नेली, एवढंच डोक्यात.

मध्यंतरी तो एकटाच दोन दिवसांसाठी परत आला आणि संध्याकाळी घरी टपकला. उन्हाने रापलेला. मी चहासुद्धा विचारला नाही. तोच म्हणाला, "अण्णा, दिवसभर ती माझ्या शेजारी माती खरवडते. पण खापराचा चांगला तुकडा मिळाला, की कधी एकदा बाबांना सांगते असं होतं तिला. आम्हा नवराबायकोला असा फोन करणारं कुणी नाही रे. खरं सांगू? हेवा वाटतो तुझा."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला तर मी मजल्यावर मजले चढवले होते. आता ऐकलं, आणि काय सांगू, गोडच लागेना.

तेवढ्यात तिचा फोन आला. मी तो न उचलता त्याच्या हातात दिला.

"आज तूच बोल आधी," म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेलो.