शनिवारच्या चुका

माझ्या दुकानात फुकट बसायला आलेल्या माणसाला मी पाच मिनिटांत उठवते. तोंडानेच. हात कामात असतात, आणि तोंड माझं तसंही कुणी गोड म्हणत नाही. अकरा वर्षं कॉम्प्युटर जोडते नि दुरुस्त करते, "मॅडम, मालक कुठे आहेत?" असं विचारणाऱ्याला काय ऐकवायचं ते आता पाठ झालंय. पण मापकाका लागोपाठ चौदा शनिवार माझ्या स्टुलावर बसले आणि मी त्यांना एकदाही उठवलं नाही.

मापकाका हे नाव मीच ठेवलं. पहिल्या दिवशी दुकानात शिरले ते थेट काउंटरपाशी. खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि फळीची जाडी मोजली. "या टोकाला दीड मिलिमीटर कमी भरते. सुताराने फसवलं तुम्हाला, ताई."

"फळी विकायला नाही ठेवली, काका. तुम्हाला काय हवंय?"

त्यांना गेमिंगचं मशीन जोडून हवं होतं. स्वतःसाठी नाही, लेकीसाठी. लेक वीस वर्षांची, दुसऱ्या शहरात आईजवळ राहून शिकणारी. नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा ती अकराची होती. काका एकतीस वर्षं लेथच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते मोजायचे आणि पास नाहीतर नापास करायचे. बोलायचं काम नव्हतं, म्हणून सवयही नव्हती. लेकीशी महिन्यातून एकदा फोन व्हायचा. तो कसा व्हायचा ते त्यांनीच मला करून दाखवलं. "जेवलीस? हो. अभ्यास? चालू आहे. बरं." की संपला.

मग एकदा पोरीच्या तोंडून निघून गेलं की मोठे गेम चालतील असं मशीन हवंय, पण तेवढे पैसे कुठून आणायचे. काका म्हणाले, मी देतो, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, भाग तूच निवडून दे. त्या दिवशी पोरगी चाळीस मिनिटं बोलली.

"चाळीस मिनिटं, ताई," ते मला म्हणाले. "मी घड्याळ लावलं होतं."

भागांची यादी चालू आहे तोवर फोन चालू आहे, एवढी साधी गोष्ट. त्यांना ती पहिल्या दिवशीच कळली होती. मला कळायला फार उशीर झाला, आणि मधल्या काळात मी जे केलं ते सांगायला बसलेय.

ठरलं असं की एकेक भाग काका सुचवणार, लेक दर शनिवारी संध्याकाळी सहाला फोन करून तो पारखणार आणि काका फोन माझ्या दुकानात बसून घेणार, म्हणजे अडलंनडलं मला विचारता येईल. पैसे त्यांनी आधीच माझ्याकडे ठेवले. साडेपाचला ते हजर व्हायचे. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. फोन रुमालाने पुसून काउंटरवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. सहा वाजून दोन मिनिटं झाली की माझ्याकडे बघायचे. वाजला की मात्र तीनदा वाजू द्यायचे, मगच उचलायचे. वाटच बघत होतो असं दिसू नये म्हणून.

स्पीकरवर मला सगळं ऐकू यायचं.

"बाबा, रॅम कुठली निवडलीस?"

काका आपल्या वहीतून वाचून दाखवायचे आणि तिकडून किंकाळी यायची. "अरे बाबा! ती जुन्या पिढीची आहे. या मदरबोर्डात ती बसतच नाही, खाचच वेगळी असते!"

"असं होय? मला वाटलं रॅम म्हणजे रॅम."

"म्हणे रॅम म्हणजे रॅम! थांब, तुला नीट सांगते."

मग ती सांगायची. बापाला शिकवताना पोरीच्या आवाजाला जी धार यायची ना, तिच्यात लाडही असायचा. बोलता बोलता भलतीकडे जायची. वर्गातली एक मुलगी कशी शिष्ट आहे, आईने केस कापल्यावर कशी दिसते, आपल्याला पोहता येत नाही याची लाज वाटते. काका "हं, हं" करत ऐकायचे. पुढच्या एका शनिवारी बोलणं संपत आलंसं वाटल्यावर हळूच विचारलं, "बरं, आणि तो विजेचा डबा, एसएमपीएस, साडेचारशे वॉटचा चालेल ना?" की पुन्हा किंकाळी. "बाबा, त्या ग्राफिक्स कार्डाला साडेसहाशेचा लागतो! मशीन जाळायचंय का तुला?" की आणखी वीस मिनिटं.

मधे एकदा काकांच्या घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून मी गेले होते. दोन खोल्या, लखलखीत. मोरीच्या कट्ट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा पालथे घातलेले. चपलांच्या फळीवर एकच जोड. आतल्या दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, तारखेसकट आणि मिलिमीटरमध्ये. शेवटची रेघ एक हजार तीनशे बासष्ट. तिच्यावर चौकट कोरी होती. मी राउटर चालू करून दिला आणि चहा नको म्हणून निघाले, कारण मला तिथे बसवेना.

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पडली ती चिडचिड. दर आठवड्याला एक चूक. रॅम चुकली, एसएमपीएस चुकला, प्रोसेसरचा पंखा चुकला. तेराव्या शनिवारी काकांनी असं कॅबिनेट, म्हणजे मशीनचा बाहेरचा डबा, निवडलं की ज्यात जागा दोनशे नव्वद मिलिमीटर, आणि कार्डाची लांबी तीनशे बारा. बावीस मिलिमीटरचा फरक! माझ्या फळीतला दीड मिलिमीटर ज्या माणसाला शिरल्या शिरल्या दिसला, त्या माणसाला. मी मनात म्हटलं, वय झालं बिचाऱ्याचं. आणि मग माझ्यातली अतिशहाणी जागी झाली. बाप-लेकीचं हे घोडं चुकांपाशीच पेंड खातंय, तर आपणच मार्गी लावून देऊ.

लेकीचा नंबर माझ्याकडे होता. तिने एकदा बोर्डाचा फोटो पाठवला होता. बुधवारी दुपारी मी फोन लावला. दहा मिनिटांत सगळे भाग ठरले. गुरुवारी माल आणला, शुक्रवारी मशीन जोडलं. फार दिवसांनी इतकं मन लावून काम केलं. वायरी मागून ओढून घेतल्या, पंख्यांची दिशा दोनदा तपासली, चार तास गेम चालवून तापमान बघितलं. बजेटमध्ये बसवून वर एक कीबोर्डही घातला.

शनिवारी, चौदाव्या, काका साडेपाचला आले. मी मशीन काउंटरवर चालू करूनच ठेवलं होतं. "बघा काका! झालं एकदाचं!"

ते उभेच राहिले. मग खाली वाकून काचेतून आत बघितलं.

"कार्ड बसलं?"

"बसलं. वर आठ मिलिमीटर जागा मोकळी."

"हं," म्हणाले. "बरोबर निवडलंत कॅबिनेट." आणि स्टुलावर बसून फोन पुसायला लागले.

सहाला लेकीचा फोन आला, ती नुसती चिवचिवत होती. बाबा कित्ती भारी, ताईंना थँक्यू सांग, कधी पाठवतोयस. सात मिनिटांत संपला. काका उठले, मला नमस्कार केला आणि गेले. त्यांची वही काउंटरवर राहिली.

दुकान बंद करताना मी ती उघडली. नको तिथे नाक खुपसायची खोड, दुसरं काय. पहिल्या पानावर पहिल्याच आठवड्याची तारीख, आणि खाली भागांची पूर्ण यादी. प्रत्येक भाग बरोबर. रॅम बरोबर, एसएमपीएस साडेसहाशेचा. कॅबिनेट तर मी निवडलं होतं तेच. पुढच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'शनिवारच्या चुका'. बावीस ओळी होत्या. तेरांवर बरोबरची खूण केलेली. चौदावी ओळ, 'प्रोसेसरचा कूलर उंच सांगायचा, बाजूचं झाकण लागणार नाही'. आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, 'चूक तिला सापडेल एवढीच मोठी ठेवावी.'

मी शटर अर्धं खाली ओढलेल्या दुकानात बसून रडले. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मशीन सोमवारी गेलं, बुधवारी पोचलं. लेकीचा काकांना निरोप आला. 'मस्त चालतंय बाबा. थँक्यू.'

पंधराव्या शनिवारी काका वही न्यायला आले. शर्ट इस्त्रीचाच होता. मी वही पुढे सरकवली आणि सरळ म्हटलं, "मी वाचली, काका. चुकलं माझं. पण मला सांगायचं तरी होतंत!"

"काय सांगणार होतो, ताई? बाप आहे, पण लेकीशी बोलायला विषय नाही, असं?"

सहा वाजले. फोन काउंटरवरच होता. सव्वासहा झाले. मला राहवेना. "तुम्ही लावा की. लेकीला फोन करायला बापाला निमित्त लागतं का?"

"विचारू काय?"

"काहीही विचारा!"

त्यांनी लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. मागे गेमचा आवाज, मैत्रिणींचं खिदळणं.

"बाबा? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"हो, हो. मशीन कसं चालतंय?"

"एक नंबर!"

"गरम वगैरे होतंय का?"

"छे, अजिबात नाही."

"पंख्याचा आवाज?"

"येतच नाही रे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. अख्ख्या बाजाराला उत्तरं देणारी मी, मला एक प्रश्न सुचला नाही. पोहण्याचं विचारा, ती शिष्ट मुलगी कशी आहे ते विचारा, हे सगळं मला नंतर, घरी जाताना सुचलं.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. बाबा, माझा डाव चालू आहे, ठेवू?"

"ठेव, ठेव."

फोन त्यांनी रुमालाने पुसून खिशात टाकला. वही काखेत घेतली. दाराशी जाऊन थांबले आणि वळून, कारखान्यात एकतीस वर्षं म्हणत असतील तशा आवाजात म्हणाले, "काम चोख केलंत, ताई. कुठे खोट ठेवली नाहीत."

टोमणा नव्हता तो. त्यांनी मला मनापासून पास केलं होतं.