वाढत जाणारा जांभळा कुर्ता

परवा भर दुपारी, सुरतमधल्या भेस्तानला माझ्याच हॉलमध्ये बसून हे घडलं. अंगावरचा काटा अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

ओळखणाऱ्यांना माहीत आहे, निवृत्त झाल्यापासून मी ऑनलाइन कुर्ते विकते. कापड सुरतच्या मार्केटचं, शिलाई लिंबायतच्या आमच्या खानदेशी मंगलाची. आणि डोकं खाणारी गिऱ्हाइकं देशभरातली...

रिटर्नच्या नावाखाली लोक काय वाट्टेल ते पाठवतात. हळदीत मिरवलेला, पिवळे डाग पडलेला कुर्ता, वर चिठ्ठी, 'रंग आवडला नाही.' एकीने तर दुसऱ्याच दुकानाचा, बटण तुटलेला कुर्ता माझ्या पिशवीत घालून पाठवला होता.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर खोटं बोलणारीला बाकावर उभं करत. ती शिस्त माझ्यात उतरली आहे. म्हणून माझे दोनच नियम... टॅग जागेवर हवा, आणि कुर्ता अंगात घालून काढलेला व्हिडिओ हवा. चेहरा नको, गळ्यापासून पायापर्यंत पुरे.

बारडोलीच्या एका बाईंनी मुलीच्या साखरपुड्यात स्वतःला घालायला जांभळा कुर्ता घेतला. डबल एक्सेल. महिन्याभराने मेसेज आला, 'मॅडम, कुर्ता मोठा झालाय.' मोठा आहे असं नाही हं... मोठा झालाय.

एकदाही वापरला नव्हता, टॅग होता, म्हणून बदलून एक्सेल दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कुरकुरत लार्ज दिला. आणि परवा तिसऱ्यांदा... 'हा पण वाढला. मीडियम द्या. साखरपुडा जवळ आलाय.'

मी टेप काढली. आधी परत आलेले दोन्ही कुर्ते टेबलावर पसरून मोजले. जेवढे कापले होते तेवढेच, सूतभर फरक नाही.

मग मी माझ्या पद्धतीने लिहिलं, 'कापूस शेतात वाढतो. कुर्ता कपाटात वाढत नाही.' लगेच उत्तर आलं, 'घरात सगळे म्हणतात, तुमचं कापड सैल पडतं.'

आता हिला ब्लॉकच करते म्हटलं. मंगला शिवलेला माल घेऊन आली होती. बघ काय नग असतात ते, म्हणून तिला बाईंचे तिन्ही व्हिडिओ एकामागोमाग एक दाखवले... मी स्वतः ते असे सलग कधी पाहिलेच नव्हते. टॅग दिसला की बंद करायची.

तिन्हींत तीच पोपटी भिंत. फोन दर वेळी एकाच जागी टेकवून ठेवलेला, बाई गप्प उभी, वर पंख्याची घरघर. मग बाजूने कुणाचा तरी हात येतो आणि कुर्ता किती सैल आहे ते दाखवायला पाठीमागचं कापड धरतो. पहिल्या व्हिडिओत चिमटीत मावेल एवढं. दुसऱ्यात मूठभर. तिसऱ्यात दोन हात लागले...

मंगलाने फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, भिंतवरलं बोर्ड देखा."

पहिल्या व्हिडिओत दिव्यांचा स्विचबोर्ड बाईंच्या आड होता, नुसती कड दिसत होती. दुसऱ्यात अर्धा दिसला. तिसऱ्यात अख्खा, सगळी बटणं मोजता येतील असा... आणि बाई मात्र फरशीच्या त्याच चौकोनात उभी.

मंगला अगदी हळू म्हणाली, "कपडा नही वाढी ऱ्हायना ताई. बाई आटी ऱ्हायनी."

बाहेर ऊन रणरणत होतं.

मी बाईंना फोन लावला. आवाज छान, हसरा. मी विचारलं, "कुर्ता सोडून आणखी काही सैल झालंय का?"

"हो ना. बांगड्या मोठ्या झाल्यात. अंगठी तर काढून डब्यात ठेवलीय. चपलासुद्धा..." मग म्हणाल्या, "हल्ली सगळंच मोठं व्हायला लागलंय, मॅडम."

आवाजात तक्रार नव्हती. दूधवाला उशिरा येतो म्हणावं, तसं सांगितलं.

माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या क्षणी एवढंच म्हटलं, मुलीला फोन द्या. तिला सांगितलं, तिन्ही व्हिडिओ लागोपाठ लाव. कुर्ता बघू नकोस, मागची भिंत बघ.

तिने ते लावले, पंख्याची तीच घरघर तीनदा ऐकू आली. मग पोरगी म्हणाली, "आंटी, मागून धरणारी मीच होते. मी तर कापडच बघत होते..."

तिला काय दोष देणार. मी तरी दुसरं काय बघत होते?

कालच त्यांना सुरतला आणून दाखल केलंय. रक्त, छातीचा फोटो, सगळ्या तपासण्या चालू आहेत, रिपोर्ट यायचे आहेत. साखरपुडा पुढे ढकलला. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत.

मंगलाने मी न सांगताच मीडियम कापायला घेतलाय. दोन्ही बाजूंच्या शिलाईत चार-चार बोटं माया ठेवलीय, म्हणजे पुढे उसवून मोठा करता येईल.

आज सकाळी एका नव्या गिऱ्हाइकाची रिटर्न आली... 'बाह्या घट्ट होतात.' चांगलं झणझणीत उत्तर टाइप केलं, मग पुसलं आणि विचारलं, 'बाकी तब्येत बरी आहे ना?'

तिने लिहिलं, 'तुम्हाला काय करायचंय?'

खरं सांगते, इतकं बरं वाटलं वाचून...