तिच्या मुठीतली पिन

देवाने तिला हात दिले ते गार. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गार, शेगडीपुढून उठली तरी गार. माहेरी थट्टा व्हायची, की हिचं रक्त मनगटापर्यंत येतं आणि तिथूनच माघारी वळतं. सासरी मात्र त्या हातांना मान मिळाला, कारण नवरा इंजिनांचा मिस्त्री होता.

इंजिनातला पिस्टन आणि त्याचा दांडा यांना जोडणारी एक जाड पोलादी पिन असते. कारखान्यात तिला गजनपिन म्हणतात. दांड्याच्या डोक्यातल्या पितळी बुशात, म्हणजे कड्यात, ती बसते, आणि तिचं बसणं म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. घट्ट झाली तर तापल्यावर अडकते. सैल झाली तर ठोकत राहते. तेल लावून अंगठ्याने लोटली, तर सावकाश, नाखुशीने आत जावी. सोडून दिली तर आपल्या वजनाने घसरू नये. म्हणून बुश आतून रीमरने, म्हणजे भोक मोठं करणाऱ्या हत्याराने, केसभर कातरायचा, पिन घालून पाहायची, काढायची, पुन्हा कातरायचा.

मिस्त्रींचे हात म्हणजे भट्टी. त्यांच्या मुठीत राहिलेली पिन ऊब घेऊन फुगायची. फुगणं डोळ्याला दिसणारं नव्हे, पण अंगठ्याला फसवायला तेवढं पुरे. टेबलावर ठेवावी तर धुळीचा कण चिकटे. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून हाक दिली, "अगं, जरा ही धर." तिने ती धरली, ती जन्मभर.

शेजारी स्टुलावर बसायची, स्वच्छ तळव्यात पिन झाकायची, मागितली की द्यायची. मध्येच म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत, की माझ्या हातांशी?" मिस्त्री रीमर फिरवत हसायचे, आणि ते हसू खाली मान घालून लपवायचे.

बऱ्याच वर्षांनंतरच्या एका हिवाळ्यात नदीवरच्या नावाड्याचं इंजिन उघडलं होतं. दोन पिस्टनचं, म्हातारं इंजिन. नाव काठाला लागलेली, पलीकडच्या वस्तीची वाट बंद. नावाडी रोज दाराशी येऊन म्हणायचा, "वहिनी, मिस्त्रींना जरा टोचणी द्या." आणि ती हसून म्हणायची, "टोचून टोचून सुई बोथट झाली, भाऊ."

हसता हसता तिला खोकला यायचा. अंगात ताप होता. आठवडा उलटून गेला होता आणि घरात कुणाला माहीत नव्हता. सांगितलं तर मिस्त्री हत्यारं टाकून दवाखान्यात बसतील आणि नाव काठालाच राहील, हे ती जाणून होती. इंजिन बसू दे, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. ताप चढत गेला, तक्रार चढली नाही. छातीत दुखणं घर करत गेलं, आणि ती स्टुलावर बसून राहिली.

नव्या बुशांचं काम निघालं तेव्हा तिने नेहमीसारखी मूठ पुढे केली. मिस्त्रींनी पिन घेतली, लावून पाहिली; घट्ट. कातरलं, अजून घट्ट. आणखी एक हलका फेर दिला, तेव्हा पिन हवी तशी गेली. दुसरीचंही तसंच. कितीदा त्यांनी तिच्या तळव्यातून पिन उचलली असेल! पिन घेतली, हात घेतला नाही. आणि पिनेची ऊब भट्टीला कशी कळावी?

सकाळी जोडणीला बसले. दांडा उचलला, पिन बुशात टेकवली, आणि ती सरळ खाली घसरून फरशीवर पडली. बारीक, स्वच्छ आवाज झाला. दुसरी पडली. मिस्त्रींनी रीमरला दोष दिला, डोळ्यांना दोष दिला, मग मायक्रोमीटर लावून पाहिला. पिना बरोबर मापाच्या; बुश जास्त कातरलेले. काल अडणारी पिन आज घसरते कशी? काल ती फुगलेली होती. पण काल ती होती कुणाच्या हातात?

ते तसेच उठले. ती ओट्याला टेकून उभी होती. त्यांनी तिचा हात धरला. काहीही न मागता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नुसता हात. तो त्यांच्या हाताहून गरम होता.

"कधीपासून?"

"इंजिन बसलं का?" तिने विचारलं.

"कधीपासून, विचारतोय मी."

ती म्हणाली, "तुमची पिन बिघडवली ना मी?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत, लवकर आणायला हवं होतं. मिस्त्रींनी काय सांगावं? की मला लोखंडातली केसभर फट कळते, आणि शेजारी जळणारं माणूस कळत नाही?

ते खाटेजवळ बसून राहिले, तिचा हात सोडला नाही. एका दुपारी ग्लानीतून डोळे उघडून ती पुटपुटली, "हातांशीच केलंत शेवटी."

"हातांशीच केलं होतं," ते म्हणाले. "बाकीची तू हळूहळू कळलीस. थोडी राहून गेलीस."

ती ओठांतल्या ओठांत हसली. संध्याकाळी तिचा हात गार पडू लागला. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना वाटलं ताप उतरला.

नावाड्याने सांगून पाहिलं, की घाई नाही, नाव पडून राहू दे. मिस्त्रींनी मान हलवली. जिच्यासाठी तिने तोंड उघडलं नाही, ती नाव काठाला ठेवायची कशी? त्यांनी नवे बुश ठोकले. पिना आणि दांडे एकाच लोखंडी पाटावर, धुतलेल्या फडक्याखाली थंड होऊ दिले. प्रत्येक वेळी पिन पुसायची, लावायची, पुन्हा पाटावर ठेवायची. काम दुप्पट, बोलणारं कुणी नाही.

शेवटी पिन अंगठ्याखाली सावकाश, नाखुशीने आत गेली. ती काढून त्यांनी सवयीने डावीकडे, स्टुलाच्या दिशेने धरली. दाराशी उभ्या नावाड्याला राहवलं नाही. तो पुढे आला आणि त्याने तळवा पसरला.

"राहू दे, भाऊ," मिस्त्री म्हणाले, आणि पिन फडक्याखाली ठेवली. "तुझेही हात गरमच असतील."